पुलाबद्दल आभार

गाढव मधोमध पाण्यात उभं ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. म्होरं न्हाई, मागं न्हाई. बुरुलकान म्हातारीनं त्याची शेपटी पिळली, त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. डोंगरावरचं बर्फ वितळून आलेलं पाणी, हाडात शिरणारं. शेवटी गाढवानं अंग झटकलं आन् दुधाच्या किटल्या गेल्या वाहत.

"दूध गेलं, आता तू बी जा!" म्हणून म्हातारी काठाला येऊन मटकन बसली.

वसंतातल्या पुरानं आमच्या तेरेकताश गावचा पूल नेला, तवापास्नं असंच चाललं हुतं. डेअरी पल्याड, दवाखाना पल्याड, आन् बुरुलकानची सून मीरगुल दिवस भरत आलेली. अर्ज करावा तर तो जायाचा अकीमकडं. अकीम म्हंजे आमच्या भागाचा सरकारी कारभारी, ओरोझबाक. पूल बांधायचं कामबी त्याच्याच हाती. कोल्ह्याकडं कोंबडीची फिर्याद!

म्हातारी भिजल्या पायांनी घरी आली, तर मीरगुल मोबाइल घेऊन दारात.

"आई, पूल झाला!"

"कुठं? माज्या डोक्यावर?"

सुनेनं दावलं. जिल्ह्याच्या सरकारी पानावर अकीमनं फोटू टाकला हुता : 'तेरेकताशचा नवा पूल तयार. जनता आनंदात.' पुलामागं देवदाराची उंच झाडं. आमच्या काठाला गवताबिगर काय उगवत न्हाई.

गावाचा मोबाइलवर एक ग्रुप हाय. लग्नाची आवतणं आन् चुकलेल्या मेंढ्या, एवढंच तिथं यायाचं. त्या दिशी मातुर भडका उडाला. कुणी म्हणं चोर हाय, कुणी म्हणं धरून बुडवा नदीत. शाळेचे मास्तर घाबरले.

"मंडळी, जपून. शिवी दिली तर केस हुईल."

बुरुलकानला लिवता कुठं येतंय? तिनं ग्रुपात आवाज भरूनच इचारलं, "मास्तर, आभार मानल्यावर बी केस हुती का वो?"

"आभाराची कशी हुईल?"

"मग मानू की."

दुसऱ्या दिशी ती गाढवासंगं गुडघाभर पाण्यात उभी ऱ्हायली आन् सोन्याचे दात दावत हसली. मीरगुलनं फोटू काढून अकीमच्या फोटूखाली चिकटवला : 'अकीमसाहेब, पूल लई झ्याक. आमचं गाढव त्यावरनं उतराया तयार न्हाई.'

मग गाव हटतंय व्हय! खुद्द मास्तर सायकल खांद्यावर घिऊन कमरंभर पाण्यात : 'कठडा मजबूत.' मुल्लासाहेब इजार वर खोचून : 'पुलावर नमाजाआधी हातपाय धुवायची, वजूची बी सोय केलीया.' शेजारच्या गावानं बगितलं, त्यांनी आपल्या दवाखान्यात भरलेल्या गवताचा फोटू टाकला : 'औषधं ताजी मिळत्यात, आभार.' कुणी शिवी घातली, की बुरुलकान ती पुसायला लावायची. "सोन्यासारक्या कामात माती नगं," म्हणायची.

अकीम तणतणत आला. "बुरुलकान आक्का, ही काय थट्टा लावलीय?"

"थट्टा कसली? तुमीच म्हणता, गावाला उपकाराची जाण न्हाई."

"पुसून टाका समदं!"

"पुसते की. आदी तुमी तुमचा पूल पुसा."

अकीमनं टोपी सारखी केली आन् गेला.

ह्या धांदलीत मीरगुलला कळा सुटल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवतावर निजवून नेली, तर चाक नदीतल्या धोंड्यात अडकलं. बापय उतरले, पाण्यात खांदा लावून ढकलत ऱ्हायले. पल्याड पोचेस्तवर पोरगी जन्मली बी. दोघी सुखरूप. एकानं फोटूसाठी मोबाइल काढला, तशी बुरुलकाननं त्याचा हात खाली केला. "हे न्हाई," म्हणली. "हे हसायचं न्हाई."

इकडं वरच्या हापिसात येगळंच शिजलं. तिथल्या सायबांनी आभार मोजले, वाचले न्हाईत. एवढे आभार कुण्या अकीमला कवाच मिळाले नव्हते. ठरलं, पदक द्यायचं! काळी मोटार निघाली. रस्ता खराब हाय, गुरांत साथ हाय, असं अकीमनं लई सांगून बगितलं. मोटार नदीवर येऊन ठेपली.

"पूल कुठाय?" सायबानं पुसलं.

अकीम ढगाकडं बगत हुता.

बुरुलकान म्होरं झाली. "फोटूत हाय म्हंजे हायच की, सायेब. ठेवा पाय. आमी रोज ठेवतो."

सायबानं खरंच पाय ठेवला. पाय ऱ्हायला, बूट गेला.

पयलं बर्फ पडायच्या आत पूल झाला. अकीम मातुर अकीमच ऱ्हायला. फीत त्यानंच कापली, पाटीवर नाव बी त्याचंच. वरनं, मलाबी ग्रुपात घ्या म्हणून अडून बसला. मास्तर नगं म्हणले. बुरुलकान म्हणली, "घ्या. लांडगा डोळ्यापुढं बसलेला बरा." तवापास्नं रोज सकाळी त्याचा गुलाबाचा फोटू येतो.

भर थंडीत विजेची डीपी जळाली, गावात अंधार. कुणी मोबाइल हातात घ्यायच्या आत ग्रुपावर अकीमच हजर :

'माणसं निघालीत. दिवे लागेस्तवर कृपा करून कुणी आभार मानू नयेत.'