कवटी कापा, केस नको

बोलतेय ती मी, गिरजाची वेणी. दीड हात लांब, काळी, शेवटी लाल रिबीन. मुक्काम सध्या एका पत्र्याच्या पेटीत. पेटीला कुलूप आहे.

गिरजा वर्षाची असताना तिचं जावळ काढलं. तेव्हा कुणालाच काही अशुभ वाटलं नव्हतं. त्यानंतर मी उगवले आणि सत्तावीस वर्षं तिच्या डोक्यावर राहिले. माहेर सुटलं तशी तिच्याबरोबर सासरी आले. सिंदेवाहीच्या बाजूला तलावाकाठी ढिवरांची घरं आहेत, त्यातलं हे एक. नवरा मनसाराम जाळं टाकायचा. गिरजा मासोळ्यांचं टोपलं घेऊन बाजाराला जायची. टोपल्याखाली चुंबळ आणि चुंबळीखाली मी.

काहीतरी बिघडलंय हे सगळ्यांत आधी मला कळलं. उजव्या बाजूला माझ्या मुळांखालचं हाड वर येत होतं. सासू इंदिराबाईंनी बोट लावून पाहिलं आणि निकाल देऊन टाकला.

"टोपल्यानं हाड वाढलं. साऱ्यायलेच होते."

साऱ्यांना होत नव्हतं. पण मोठ्या माणसांना सगळं ठाऊक असतं ना! पुढं सकाळी उठल्याबरोबर डोकं ठणकायचं, ओकारी व्हायची. इंदिराबाई म्हणाल्या दिवस गेले. दिवस गेले नव्हते, तेव्हा म्हणाल्या पित्त. कुणी गरम तेल सांगितलं, कुणी पाला वाटून थापला. मी चिकट होऊन लोंबत राहिले. दोन वर्षं गेली. डॉक्टरकडे कुणी नेलं नाही.

मग १९८६ साली, पोळ्याच्या आठवड्यात, गिरजाचा डावा हात आपोआप उडायला लागला. तोंड वाकडं झालं आणि ती अंगणात कोसळली. मी मातीत पडले होते. शेजारची शकुबाई कुंपणापलीकडून बघत होती.

"इंदिराबाई, हे बाहेरचं लागलं म्हणावं, का सूनच काही करून राह्यली?"

हे ऐकून मी गार पडले. आमच्याकडे एखाद्या बाईवर चेटकीण म्हणून गावानं बोट ठेवलं की आधी तिची वेणी कापतात. तिची सारी विद्या वेणीत असते म्हणे. माझ्यात कसली विद्या? तेल, धूळ आणि मासोळीचा वास.

मनसारामनं पहिल्यांदाच आईला न विचारता बस धरली. पण आई बरोबर आलीच.

नागपूरच्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, "मेंदूच्या आवरणातून गाठ वाढली आहे. कॅन्सर वाटत नाही, साधी गाठ आहे. पण कवटी काही ताणत नाही, त्यामुळे मेंदू दबतोय. गाठ ठेवली तर नजर जाईल, मग जीव." कवटीला खिडकी पाडून गाठ आवरणासकट काढायची, असं त्यांनी कागदावर रेघा मारून समजावलं. मनसारामनं अंगठा दिला. इंदिराबाईंनीही मान हलवली.

दुसऱ्या दिवशी न्हावी वस्तरा घेऊन आला आणि इंदिराबाई ताडकन उठल्या.

"केस काऊन?"

"मग कवटी कशी कापतीन, आजी?"

"कवटी कापा ना! मी नाई म्हटलं का? केस नको. बोडकी सून घेऊन गावात कशी जाऊ? म्हणतीन, हिची वेणी कापली, म्हणजे हे तीच होय!"

"माय, डॉक्टर म्हणते..."

"तू चूप बस, मन्या."

दुपारी आम्ही परतीच्या बसमध्ये होतो. मी गिरजाच्या पाठीवर, अखंड. अखंड असण्याची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. कापा मला, कापा, असं आतल्या आत ओरडत होते. वेणीचं कोण ऐकणार?

सतरा दिवस गेले. अठराव्या दिवशी भर दुपारी, दारातून ऊन आत आलेलं असताना, गिरजा म्हणाली, "आत्याबाई, दिवा काऊन नाई लावला?"

इंदिराबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

पुन्हा तोच दवाखाना, तोच न्हावी. या वेळी इंदिराबाईंनी त्याच्या हातून कात्री मागून घेतली. रिबीन घट्ट बांधली आणि मानेजवळ मला कापलं. तीनदा कात्री अडली.

"कोणी इचारलं त सांगजो मन्या, गावानं नाई कापली. मी कापली."

उरलेलं डोकं न्हाव्यानं साफ केलं. इंदिराबाईंनी जमिनीवरचा केस न् केस वेचला. परक्याच्या हाती केस गेला तर करणी होते, ही भीती होतीच. मग गिरजाला आत नेलं.

पाच तास मी इंदिराबाईंच्या मुठीत होते. मूठ घामानं ओली झाली होती. आत तिचं हाड कापत होते, आणि मी, जी तिच्या डोक्याचा कोपरा न् कोपरा ओळखते, बाहेर निरुपयोगी पडलेली. दार वाजलं की मूठ आवळायची.

डॉक्टर बाहेर आले. लिंबाएवढी गाठ निघाली होती. पण दोन दिवस गिरजा हाकेला ओ देईना. तिसऱ्या दिवशी तिनं पाणी मागितलं. डाव्या डोळ्याची नजर वाचली. उजव्याची गेली. ते सतरा दिवस आधी जमलं असतं तर, असं डॉक्टर बोलले नाहीत. मी बोलते.

गावात शकुबाईनं विचारलंच. इंदिराबाईंनी पिशवीतून मला काढून तिच्या नाकासमोर धरलं. "मी कापली. आणखी काई?" त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला. तेवढ्याच दिवशी.

कारण डॉक्टरांनी एक कागद दिला होता. साधी गाठही मुळाशी पुन्हा वाढू शकते, दर वर्षी दाखवायला या, असं त्यावर लिहिलंय. इंदिराबाईंनी तो कागद आणि मला एकाच पेटीत कोंडलं. किल्ली त्यांच्या कमरेला. दोन वर्षं झाली. "चांगली हाये ना आता? काऊन जाचं तिकडे?"

परवा सकाळी बाहेरून गिरजाचा आवाज आला. "आत्याबाई, तो दवाखान्याचा कागद कुठी हाये?"

"असन कुठीतरी. तुले काऊन पाह्यजे?"

गिरजाची पावलं घाईनं अंगणाकडे गेली. मग मला तिच्या ओकारीचा आवाज ऐकू आला.

गिरजा, कागद इथे आहे, माझ्या अंगावर. किल्ली मागत बसू नकोस. कुलूप तोड.