कवडीची पिसं

“हिला घासलेट कोणी चोळलं?” कोंबडीच्या मानेचा वास घेत हैबतरावांनी विचारलं.

इंदुबाईच्या अंगणात वीस-पंचवीस माणसं जमली होती. सगळे कोंबडीकडेच बघत राहिले. म्हणजे चोळलं इंदुबाईनं, पण सल्ला सगळ्यांचा होता.

“मर आली तर लावतात ना,” शेवटी तीच म्हणाली.

“मर आली असं कोण म्हणालं?”

सगळ्यांनी एकदम शेजारच्या पुतळीकडे पाहिलं.

१९९३ सालची, दिवाळीच्या जरा अलीकडची ही गोष्ट. आदल्या वर्षी धरमतर खाडीकाठच्या या वाडीतल्या यच्चयावत कोंबड्या मरीनं गेल्या होत्या, आणि पहिली मेली ती इंदुबाईची. तेव्हापासून रोग तिच्याच घरचा, असं वाडीनं एकमतानं ठरवलं होतं. आता तिच्या कवडीची, म्हणजे ठिपक्यांच्या कोंबडीची, मान आणि पाठ उघडी पडली होती. सूर्य बुडायच्या आत इंदुबाईनं सहाच्या सहा कोंबड्या कापायच्या, असा निर्णय झाला होता. मिठागरावरून घरी आल्यावर तिला बोलायला त्या सहाच होत्या, हा मुद्दा चर्चेला आला नाही.

हैबतराव पेणच्या जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक होते. हे पद त्यांच्या बायकोला, कृष्णाबाईंना, शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, बैलाचे पाय धरायचे. एकतीस वर्षं. डॉक्टर हजर असले की लोक त्यांना कंपाउंडर म्हणत, नसले की डॉक्टर. त्या दिवशी डॉक्टर रोह्याला शिबिराला गेले होते, त्यामुळे हैबतरावांना सकाळपासून बढती होती.

त्यांनी कवडीला मांडीवर घेतली, उलटी केली, पिसांत फुंकर मारून पाहिली. उवा नव्हत्या. पोटावरची पिसं शाबूत होती.

“कोंबड्यानं ओढली तर पाठीचीच जातात. अंड्यांवर खुडूक बसली तर पोटाची. हिची मानेपासून सुरू झाली ना?”

“व्हय.”

“अंडी?”

“पंधरा दिस बंद.”

“खाते?”

“खाते? माझ्या ताटातलं उचलते!”

“मर आलेली खात नाय गो. मान पिरगाळते, हिरवं हगते. ही जुनी पिसं टाकतेय. वर्षातून एकदा टाकतात. हे बघा, खालनं नवे कोंब आलेत. हात लावा.”

कुणीही हात लावला नाही. वाडीतला वडीलधारा काळुराम हैबतरावांच्या डोक्याकडे बघत होता. “सायब, तुमची कवा झडली?”

“लग्नानंतर.”

“मग? आली परत?”

“माणसाची नाय येत. कोंबडीची येतात.”

अंगण हसलं. पण हसल्यानं ठराव रद्द होत नाही. पुतळी म्हणाली, “तुमचं काय जातंय सांगायला? तुम्ही जाल सायकलवर बसून. उद्या आमची खुराडी रिकामी झाली तर? डॉक्टरला येऊ दे, तो सांगल तर आयकू.”

डॉक्टर दोन दिवसांनी येणार होते. सूर्य आजच बुडणार होता. अंगणाच्या कडेला कोयता ठेवलेला होता आणि इंदुबाई त्याच्याकडे न बघण्याची फार काळजी घेत होती.

हैबतरावांनी चष्मा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

“माझ्या घरी रामवाडीला बारा कोंबड्या आहेत,” ते म्हणाले. “हिला नेतो आणि त्यांच्यात सोडतो. एकच खुराडं, एकच पाणी. पौषापर्यंत त्यातली एक जरी मेली, तर इंदुबाईच्या पाचही मी येऊन कापीन. तोवर कोयता आत.”

स्वतःच्या कोंबड्या पणाला लावणारा सरकारी माणूस वाडी पहिल्यांदाच बघत होती.

“बारा?” काळुरामनं विचारलं.

“तेरा. एक खुडूक बसलीय, ती धरली नव्हती.”

कवडी सायकलच्या हँडलला, पिशवीतून डोकं बाहेर काढून, पेणला गेली.

रामवाडीच्या घरामागे खुराडं होतं. त्यात एक मोडकी छत्री होती आणि स्टोव्हचं खोकं. कोंबडी एकही नव्हती. कृष्णाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्यामागे त्यांच्या कोंबड्याही एकेक करून कमी झाल्या, उरलेल्या दोन हैबतरावांनी रोह्याला बहिणीकडे दिल्या. त्यांनी छत्री बाहेर काढली, बसायची काठी पुसली, खाली राख पसरली. कवडी आत गेली आणि एवढ्या जागेत नेमकी कोपऱ्यात बसली.

वाडीत पाजळलेलं ज्ञान खात्याच्या पुस्तकातलं नव्हतं. दिवाळी आली की कृष्णाबाई एखादी बोडकी कोंबडी मांडीवर घेऊन बसायच्या. “हिची नवी लुगडी यायचीत. सुकट आणा तिला,” म्हणायच्या. हैबतराव तेव्हा पेपर वाचत असायचे. आपण काही ऐकलं नाही असं त्यांना वाटायचं. आता एकेक शब्द आठवत होता. अंडी गोळा करतानाही त्या सगळी उचलू द्यायच्या नाहीत; एक मागे राहिलं की कोंबडी पुन्हा तिथेच येते, म्हणायच्या.

ते रोज सुकट आणू लागले. आधी मानेवर काटे दिसले, मग काट्यांची पिसं झाली. बाजाराला आलेला काळुराम एकदा दवाखान्याच्या दारात थांबला. “कोंबड्या?”

“उत्तम. तेराही.”

प्रयोग निर्दोष चालला होता. तेरातली एकही मेली नाही.

पौषात इंदुबाई स्वतः आली. “वाडीनं पाठवलंय. नीट बघून ये म्हनाले.”

हैबतराव तिला मागच्या दारी घेऊन गेले. कवडी उन्हात उभी होती. ठिपके इतके ताजे, जणू आत्ताच कोणी बोटानं उठवलेत. इंदुबाईनं तिला उचलून गालाशी धरलं. मग विचारलं, “बाकीच्या?”

“चरायला गेल्यात.”

ती खुराड्यात वाकली. आत एक वाटी होती. लांबलचक काठीवर एकाच कोंबडीपुरती जागा मळलेली होती. राखेत दोन अंडी होती. तिनं काठीवरच्या त्या मळक्या जागेवरून बोट फिरवलं.

“वैनी कवा गेल्या?”

“दोन वर्षं झाली.”

“हं.”

“अंडी ने गो. तुझ्याच कोंबडीची आहेत.”

तिनं कवडीला काखेत घेतलं आणि एक अंडं पदरात. दुसऱ्याला हात लावला नाही. “ते असू दे. मोकळी जागा बरी नाय दिसत.”

त्या संध्याकाळी वाडीत पुतळीनं विचारलं, तेव्हा इंदुबाई म्हणाली, “तेरा हायत. मी मोजल्या. खुडुकीला धरून.”

त्याच सुमारास रामवाडीत हैबतराव मागच्या दारी गेले आणि उरलेल्या एका अंड्यासाठी मांजर शिरू नये म्हणून खुराड्याला कडी लावून आले.