बाकाच्या बाजूची साल

मित्रांनो, मी एक जुना पेपरबार्क आहे, म्हणजे कागदासारख्या सालीचे झाड. माझे मूळ गाव ऑस्ट्रेलियाचा दलदलीचा किनारा. वाढलो मात्र सौदी अरेबियातल्या यान्बूला, एका वसाहतीच्या बागेत. तिथे पाय पाण्यात, इथे वाळूत! पण खारा वारा दोन्हीकडे सारखाच, म्हणून इथेही रमलो.

चिरोट्याला सुटावेत तसे माझ्या सालीला पापुद्रे सुटतात. "याला रोग झालाय का?" असे नवा माणूस हमखास विचारतो. मग माझ्या फांद्यांवर ब्रशासारखी पांढरी फुले येतात, मधमाश्या जमतात आणि तोच माणूस फोटो काढत बसतो.

मुलांना माझ्या सालीचे वेड. डॉक्टर क्षमाबाईंची सानिका शाळेतून आली की माझ्या बुंध्याशेजारच्या बाकावर उभी राहून एक पापुद्रा सोलायची आणि त्यावर चित्र काढायची. मलाही त्याचा गर्वच वाटे म्हणा ना.

गेल्या हिवाळ्यात कुणीतरी शेगडीतले निखारे माझ्या बुंध्याशी ओतून निघून गेले. वारा सुटला आणि आग शेंड्यापर्यंत चढली. सकाळी बागेचा मुकादम तौकीर करवत घेऊन आला आणि क्षमाबाईंना म्हणाला, "खलास, मॅडम. ये पेड गया."

क्षमाबाई इस्पितळात भाजलेल्या रुग्णांवर उपचार करतात. त्यांनी नखाने माझी काळी साल खरवडली. आत पापुद्र्यामागे पापुद्रा आणि शेवटी ओलावा! त्या बघतच राहिल्या.

"तौकीरभाई, अंदर गीला है. थोडे दिन रुकिए ना!"

"ठीक है मॅडम, ईद तक."

खरे सांगतो, मला फार भीती वाटत होती. रमजान सरत आला, आणि एके सकाळी थेट काळ्या खोडातून कोवळी पालवी फुटली, खालपासून वरपर्यंत!

"सुभानअल्लाह!" तौकीर पुटपुटला.

"आई, लुक! इट्स अलाइव्ह!" सानिका नाचत माझ्याभोवती फिरली आणि बाकाच्या बाजूला येऊन थबकली. तिथे एकही पान नव्हते.

"आई, इथे का नाही?"

"इथे आग आतपर्यंत गेली गं. अडवायला साल उरली नव्हती."

त्या कोरड्या जागेवर सानिकाने बराच वेळ हात ठेवला.

मित्रांनो, माझी साल म्हणजे रद्दी नव्हे, माझे पांघरूण आहे. गळून पडलेला पापुद्रा खुशाल न्या, अंगावरचा तेवढा राहू द्या.

परवा एक नवा मुलगा बाकावर चढून सालीला हात घालणार, तोच सानिका धावत आली. माझ्या उघड्या जागेला पाठ लावून ती त्याच्यासमोर उभी राहिली.