कृष्णाजी सरांच्या डोक्याचे तेल

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. झोपायची नव्हे, कुस्तीची! दूर दक्षिणेत, वेलचेरीतल्या एका शाळेच्या सभागृहात माझा मुक्काम असतो. पोटात स्पंज, अंगावर निळे कापड, मधोमध पिवळे वर्तुळ. मोठ्या पुरात मी तरंगत थेट स्टेशनच्या उंच फलाटावर पोचले आणि पाणी ओसरल्यावर गाडीने परत आले. खोटे वाटत असेल तर फलाटाला विचारा.

माझा एकच दुर्गुण आहे. मी माफ करत नाही.

संध्याकाळी मोटारींच्या कारखान्यातून सुटून चित्रा मॅडम यायच्या आणि मुलींना कुस्ती शिकवायच्या. गादीवर उतरण्याआधी प्रत्येक मुलगी वाकून मला हात लावायची आणि तो कपाळाला लावायची. त्यांतली, आता नववीत असलेली शरण्या तर अशी चपळ, की तिने पाय धरून पट काढला की समोरचीला छत दिसायचे.

मग खेळाचे शिक्षक म्हणून कृष्णाजी सर आले. "मुलींनी दारात रांगोळीचा कोलम काढावा. कुस्ती कसली?" असे म्हणून ते चपला घालून माझ्यावर चढले. रोज दुपारी माझ्या एकाच कोपऱ्यावर डोके टेकून घोरायचे. डोक्याला खोबरेल इतके, की त्यात वडे तळावेत! गादीवर तेल म्हणजे घात, पाय सरकतो. मुली रोज कोपरा पुसायच्या. पण थोडे तेल मी पोटात लपवायचे. थेंब थेंब. तीन वर्षे.

यंदा जिल्हा स्पर्धेच्या अर्जावर सर सहीच करेनात. शेवटच्या दिवशी संध्याकाळी शरण्या चित्रा मॅडमसोबत अर्ज घेऊन आली. सर माझ्या त्याच कोपऱ्यावर चपलांसकट उभे.

"सर, आजची शेवटची तारीख आहे. सही करा ना."

"अय्यो, पैलवान आली!" सरांनी एक पाय पुढे केला. "पाप्पा, पोरी, हा घे पाय. मला पाडलंस तर सही."

"आधी चपला काढा, सर. गादीवर चपला चालत नाहीत."

"मला नियम शिकवतेस? ये!"

"मॅडम?" शरण्याने वळून विचारले.

"सरच म्हणतात ना? मग घे," चित्रा मॅडम म्हणाल्या.

शरण्याने वाकून मला हात लावला. ती पायाकडे झेपावली आणि त्याच क्षणी मी तीन वर्षांचे तेल त्या दुसऱ्या चपलेखाली सोडले. धप्प! छताचा पंखा हलला, बाहेरच्या आंब्यावरून चार कैऱ्या पडल्या आणि सर उताणे.

"माझी कंबर!" सर ओरडले.

"अर्ज इथेच धरू का, सर?" शरण्याने विचारले.

त्यांनी आडवे पडूनच सही केली. शरण्याने जिल्ह्यात तिघींना चितपट केले. तिथे माझे तेल नव्हते, म्हणजे सरांनाही तिने एकटीने पाडलेच असते. पण मित्रांनो, सूड माझा होता. त्यातला माझा वाटा मला सोडवेना.

म्हणून सांगते, मला ओल्या फडक्याने पुसा, दुमडून फेकू नका आणि चपला बाहेर काढा. सर आता दारातच काढतात.

परवापासून ऑफिसातले संजीव माझ्या दुसऱ्या कोपऱ्यावर डुलकी काढू लागले आहेत. उठताना मुलींना हसतात. तेलही भरपूर लावतात. मी पुन्हा थेंब थेंब साठवते आहे.