घर बंद असल्याचा फोटो

मित्रांनो, सावरगावातल्या एका निळ्या दाराला रोज सकाळी जे कुलूप लागते, ते मी. आता जुना झालो आहे. अंगावरची कंपनीची अक्षरेही झिजून गेली आहेत.

माझा जन्म अलीगढच्या एका लहानशा कारखान्यातला. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या बाजारातून सुखदेवरावांनी मला घरी आणले, तेव्हा मी चकचकीत पिवळा होतो. त्यांनी मला कापसाच्या खोलीला लावले. सात हंगाम त्या खोलीतून मूठभर कापूसही चोरीला गेला नाही. “कुलूप असावं तं असं,” असे ते पाहुण्यांना सांगत, आणि मला फार अभिमान वाटे.

पुढे सुखदेवराव छातीच्या दुखण्याने गेले. घरात कापूस येणे थांबले. मी कोनाड्यात पडून राहिलो, गंजलो.

त्यांची मुलगी भाग्यश्री तेव्हा सतरा वर्षांची होती. उंच, धडधाकट, हसरी. पण तिची समज पाच-सहा वर्षांच्या मुलीएवढीच वाढली होती. तिला काही विचारले की उत्तर यायला वेळ लागे. ती पांढुर्ण्याच्या एका खास शाळेत जायची. तिथे ती सदऱ्याची बटणे लावायला शिकली होती. अठरा वर्षे पूर्ण झाली आणि शाळेने सांगितले, “आता ही मोठी झाली. आमच्याकडे फक्त लहान मुले.” मोठ्या झालेल्यांनी कुठे जायचे, ते कोणी सांगितले नाही.

तिची आई शकुंतलाबाई सौंसरकडच्या बागांमध्ये संत्री तोडायला जायची. शेजारच्या वच्छलाबाई भाग्यश्रीकडे लक्ष ठेवत. पण एका दुपारी त्यांचा डोळा लागला, आणि भाग्यश्री चालत चालत थेट तिगावला पोहोचली. स्टेशनजवळ ती रुळांवर बसलेली सापडली. गाडी यायला थोडाच वेळ होता.

त्या संध्याकाळी शकुंतलाबाईंनी मला कोनाड्यातून काढले आणि माझ्या पोटात तेल सोडले. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच मी एका माणसाला कोंडले.

मित्रांनो, कापूस कोंडणे सोपे असते. कापूस आतून दार वाजवत नाही. पहिले काही दिवस भाग्यश्रीने दार खूप वाजवले. मग ती वाजवेनाशी झाली. ते मला जास्त लागले.

अशी काही वर्षे गेली. मग शकुंतलाबाईंना कळले, की अशा मोठ्या माणसांसाठी एक सरकारी केंद्र आहे. तिथे दिवसभर सांभाळतात, हाताला काम शिकवतात. पण त्यासाठी अपंगत्वाचा दाखला हवा, आणि भाग्यश्रीचा दाखला लहानपणचा होता. त्याची मुदत अठराव्या वर्षीच संपली होती.

मग मायलेकींच्या खेपा सुरू झाल्या. दोघी दवाखान्यात जात, त्या दिवशी मी रिकाम्या घराला लागे. ते माझे सुखाचे दिवस.

“काय म्हनलं वं डॉक्टरनं?” वच्छलाबाई दारातच विचारत.

“म्हणे, हे तं चालते, बोलते. दिसाले तं चांगली दिसते. बुद्धी तपासनारी बाई बुधवारी येते म्हणे, तवा या.”

तो बुधवार चौथ्या खेपेला मिळाला. दाखला झाला, केंद्राचा अर्ज भरला. सरकारी कचेरीतून सांगण्यात आले, “आमचा माणूस घर पाहायला येईल. केव्हा, ते सांगता येत नाही.”

शकुंतलाबाई आठ दिवस घरी थांबल्या. कोणी आले नाही. बागेत तोड जोरात होती, ठेकेदार दुसरी बाई लावायला निघाला होता. नवव्या दिवशी त्यांनी मला लावले आणि त्या कामावर गेल्या.

नेमका त्याच दिवशी तो माणूस मोटारसायकलवर आला.

“कोणी आहे का घरात?” त्याने हाक मारली.

आत भाग्यश्रीचे गुणगुणणे थांबले. तिची पावले दाराशी आली. फळीच्या एका बाजूला ती उभी, दुसऱ्या बाजूला तो. मध्ये मी. त्याने घड्याळ पाहिले. मग खिशातून मोबाईल काढून माझा फोटो घेतला आणि गाडी सुरू केली. गाडी गल्लीच्या वळणावर गेली, तेव्हा आतून स्वच्छ आवाज आला, “मी आहो. अंदर आहो.”

ते ऐकायला माझ्याशिवाय कोणी नव्हते.

दीड महिन्याने शकुंतलाबाई चौकशीला गेल्या. कॉम्प्युटरवर हिंदीत शेरा होता, ‘मकान बंद मिला’, आणि खाली माझा फोटो. अर्ज रद्द झाला होता. त्या घरी आल्या, मला कडीतून काढले आणि उंबऱ्यावर बसून उलटसुलट करून पाहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दार नुसते लोटून ठेवले. मला थैलीत टाकले, भाग्यश्रीचा हात धरला आणि ती कचेरी गाठली. साहेबांच्या टेबलावर त्यांनी मला ठेवले.

“साहेब, तुमच्या फोटोतलं कुलूप हेच हाय नं?”

साहेबांनी पाहिले. “हो. पण बाई, घर बंद असल्यावर आमचा माणूस काय करणार?”

“घर बंद नोतं, साहेब. माही पोरगी बंद होती.”

साहेबांनी मान वर केली. “माणसाला असं कोंडणं गुन्हा आहे, माहीत आहे?”

“माहीत हाय. म्हणून तं दोन वर्सांपासून तुमच्याकडं येऊन राहिली.”

साहेब भाग्यश्रीकडे वळले. “नाव काय तुझं?” आणि लगेच कागद उलटू लागले.

“थांबा साहेब,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “तिले टाइम लागते.”

साहेब थांबले. वरचा पंखा फिरत होता. मग भाग्यश्री म्हणाली, “भाग्यश्री सुखदेव. मले बटनं लावता येते.”

साहेबांनी अर्ज पुन्हा उघडला. त्याच आठवड्यात तो मंजूरही झाला.

मला वाटले, आता शकुंतलाबाई मला कुठेतरी टाकून देतील. पण केंद्रातल्या जागा भरलेल्या होत्या. भाग्यश्रीचे नाव यादीत अकरावे लागले. नंबर आला की फोन येईल, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्याच कडीत होतो.

याला आता सात महिने झाले. संध्याकाळी किल्ली फिरली की भाग्यश्री पहिला प्रश्न विचारते, “फोन आला?”

“आज नाही वं, माय,” आई म्हणते आणि चुलीकडे वळते.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला पुसा, जपा, फेकू नका. मला तसे काही मागायचे नाही. मला तोडा असेही मी म्हणत नाही, कारण तिगावचे रूळ अजून तिथेच आहेत. पण दिवसभर कुलूप असलेले एखादे घर तुमच्याही गल्लीत असेल. शाळेतून येताना त्या दाराशी जरा उभे राहा. आत कोण आहे ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत जाऊ नका. भाग्यश्रीपुढचे नंबर सरकायला किती वर्षे लागतील, कोण जाणे. तोवर तिला, आणि तिच्यासारख्या प्रत्येकाला, दिवसातून एकदा तरी कोणी नाव विचारायला हवे.