ऐकणारी साबणदाणी

मित्रांनो, मी एक जुनी, पिस्ता रंगाची साबणदाणी आहे. पण साबणाशी माझा संबंध जेमतेम आठ दिवसांचा. लालबागच्या मेळ्यातून कुमुदिनीबाईंनी मला हौसेने घरी आणलं आणि नवव्या दिवशी त्यांच्या मुलीने, पूर्णिमाने, मला मोरीतून उचललं. मला तेव्हा फार वाईट वाटलं. माझं भाग्य उघडतंय हे मला कुठे ठाऊक होतं?

पूर्णिमाचे बाबा लक्ष्मीकांतराव पंचवीस वर्षं कापडगिरणीत विणकर होते. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. गिरणीत त्याचं काही अडलं नाही, कारण तिथे सगळेच ओठ वाचून बोलत. घरी कुमुदिनीबाई ओरडून बोलत. मग एक्क्याण्णव साली गिरणीला टाळं लागलं.

पोलोग्राउंड या कारखान्यांच्या वस्तीत पंढरीनाथजींचा दोऱ्याची रिळं भरायचा छोटा कारखाना होता. लक्ष्मीकांतराव तिथे काम मागायला गेले. तुटलेला दोरा त्यांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडून दाखवला, ते पाहून पंढरीनाथजी खूश झाले.

"हात एकदम बढिया आहे तुमचा," ते म्हणाले. "पण मागून कोणी 'बंद करा' म्हटलं आणि ऐकू नाही आलं, तर कोणाचं बोट जाईल. सोमवारी या. आवाज देऊन बघतो. ऐकू आलं तर काम पक्कं."

हे सगळं लक्ष्मीकांतरावांनी ओठांवरून वाचलं आणि मान खाली घालून घरी आले.

कानाचं तयार यंत्र तेव्हा आवाक्याबाहेरचं होतं. पूर्णिमा पॉलिटेक्निकमध्ये शिकत होती आणि मासिकातल्या आकृत्या पाहून काहीबाही बनवायचा तिला नाद होता. तिने बिघडलेल्या टेपरेकॉर्डरचा माईक काढला, तीन ट्रान्झिस्टर सोल्डर केले आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीसकट सगळं माझ्या पोटात बसवलं. माझ्या बुडाला पाणी गळायला भोकं होती, तिथेच तिने माईक लावला. पाणी जायच्या वाटेने आता आवाज आत येणार होता.

रविवारी सकाळी मला बाबांच्या खिशात ठेवून तिने त्यांच्या कानात इअरफोन घातला. आणि माझ्यातून एक लांबलचक शिट्टी निघाली.

लक्ष्मीकांतराव ताडकन उठले. खुंटीवरची डब्याची पिशवी घेऊन चपला शोधू लागले.

"भोंगा झाला," ते म्हणाले. "गिरणी सुरू झाली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पूर्णिमाने त्यांना हाताला धरून खाली बसवलं. ओठ नीट दिसतील अशी ती समोर बसली. "भोंगा नाही, बाबा. हा डब्बाच शिट्टी मारतोय. माईक आणि इअरफोन जवळ आले ना, म्हणून. जरा रुका, ठीक करते."

तिने वायर लांब केली, माईकभोवती स्पंजचा तुकडा बसवला, आवाज कमी केला. दुपारी पुन्हा इअरफोन कानात गेला. या वेळी मी श्वास रोखून गप्प राहिले. तेवढ्यात कुमुदिनीबाई स्वयंपाकघरातून सवयीने ओरडल्या, "अहो, चहा झाला!"

"अगं, ओरडतेस कशाला?" लक्ष्मीकांतराव म्हणाले. "ऐकू येतंय."

बाई ओट्याशी थबकल्या. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. पदराने डोळे पुसून त्यांनी अगदी हळू विचारलं, "साखर घालू?"

"अर्धा चमचा."

सोमवारी पंढरीनाथजी मशीनच्या मागे जाऊन साध्या आवाजात म्हणाले, "लक्ष्मीकांतजी, बंद करा." क्षणभर मशीन तशीच चालू राहिली. मग लक्ष्मीकांतरावांचा हात खटक्यावर गेला आणि मशीन थांबली.

"आजपासूनच कामाला लागा, भिया," पंढरीनाथजी भावाला म्हणावं तसं म्हणाले.

अकरा वर्षं मी त्या खिशात राहिले. पुढे पूर्णिमाने बाबांना चांगलं यंत्र आणलं आणि मी बटणं-खिळ्यांबरोबर खणात पडले. माझी तक्रार नव्हती. मोरीत राहिले असते, तर हे सुख मला कुठून मिळालं असतं?

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा नीट पाहा, ती आणखी कशाच्या कामी येईल. आणि घरातलं कोणी दुसऱ्यांदा "काय?" म्हणालं, तर न चिडता समोर बसून पुन्हा सांगा.

आता कुमुदिनीबाईंनाही कमी ऐकू येतं. त्यांनी नवं यंत्र नको म्हणून मलाच मागून घेतलं. काल चहा लक्ष्मीकांतरावांनी केला आणि ओट्यापासून जोरात हाक मारली. बाईंनी माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, ओरडता कशाला? ऐकू येतंय."