धुतलेलं करडू

साबणाच्या वडीला दोन पांढरे केस चिकटले होते. अंघोळीची, वासाची वडी, आणि ती गोठ्याच्या खिडकीत... थोरली तिच्याकडे बघत दारात उभी होती, हातातली बादली खाली ठेवायचंही तिला सुचलं नव्हतं. आत धाकटी, तिची जाऊ, लग्न होऊन दीड वर्ष झालेली, नुकतंच जन्मलेलं करडू टॉवेलने खसाखसा पुसत होती, आणि ते आता इतकं पांढरंफेक झालं होतं की जणू कुणी दुकानातून आणलं असावं.

शेळी पहिलारू होती, पहिल्यांदाच व्यालेली. तिने करडाला पुरतं चाटलंही नव्हतं. अंगावरचा तो चिकट ओलावा चाटून, हुंगूनच शेळी आपलं पिल्लू ओळखते, हे शेळ्यांत चार वर्षं काढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. धाकटीला ठाऊक नव्हतं. थोरलीला होतं, आणि तिने तोंडात मिठाची गुळणी धरली होती – कोमट पाण्याचं घमेलं आलं तेव्हा, साबण आला तेव्हा, फेस झाला तेव्हासुद्धा.

धाकटीने करडू आईपुढे ठेवलं. शेळीने नाक पुढे केलं, हुंगलं, एक पाऊल मागे घेतलं आणि डोकं खाली घालून अशी ढुशी दिली की ते कुडावर जाऊन आदळलं.

"अगं बाई! हे काय हो, ताई?"

"पहिलारू आहे. येईल ताळ्यावर," थोरली म्हणाली आणि बाकीच्या शेळ्या सोडायला वळली.

धादांत खोटं. ताळ्यावर येणार नाही, येतच नसते... माळाच्या चढावर ती भराभर चालत होती आणि पुढच्या अकरा शेळ्या, सगळ्या लेकुरवाळ्या, दर दहा पावलांवर मागे वळून ओरडत होत्या, कारण त्यांची करडं गोठ्यात कोंडलेली. इतकी कोवळी करडं माळावर आणायची नाहीत, हा नियम थोरलीचा. व्यालेल्या शेळीला तीन दिवस वेगळा कप्पा, हा नियमही तिचाच. अठरा वर्षं गोठा तिचा होता. आणि मागच्या थंडीत गोठ्याने ओल धरून तीन करडं गेली – तीन! अठरा वर्षांत शंभरावर जगली ती कुणी मोजली? – तेव्हा सासूबाई शेंगा सोलता सोलता, मानही वर न करता म्हणाल्या होत्या, "गोठ्याचं आता धाकटी बघेल. तू चारायला ने." झालं. धाकटी बारा दिवसांचं शिक्षण घेऊन आलेली. कप्प्यांना आकडे घातले. घरात माणूस तापलं तर कपाळाला हात लावून भागतं, शेळ्यांना मात्र काचेची नळी! कर म्हणावं आता. लाव नळी.

ऊन डोक्यावर आलं. पहिल्या दुधाचा चीक पोटात गेला नाही तर करडू संध्याकाळपर्यंत मान टाकतं. सासूबाई दारात येतील, ते पांढरंशुभ्र मढं बघतील, आणि मी म्हणेन... काय म्हणेन? मी सांगितलं नव्हतं का? नव्हतंच सांगितलं. पण न विचारता मी का सांगू? मला कुणी विचारून हटवलं होतं? उपाय तर दोन मिनिटांचा. शेळीचंच दूध पिळून करडाच्या पाठीला चोळायचं, थोडं तिच्या नाकाला, आणि मान धरून पाजायचं. दोन मिनिटं. मी जाणार नाही. मरू दे एक. माझी तीन मेली.

हे मनात इतकं स्पष्ट उमटलं की तिने दचकून आजूबाजूला बघितलं. शेळ्या चरत नव्हत्या. कासा तटतटलेल्या, सडांतून थेंब गळणारे, आणि सगळ्यांची तोंडं घराकडे. जवळच्या शेळीच्या पाठीत तिने काठी हाणली. "चर की मेले! काय पळून जाताहेत तुझी पोरं?" शेळी हलली नाही. मग एकदम ती उताराला लागली, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता सगळा कळप घराकडे धावत सुटला. थोरलीने हाकारलं नाही. ती मागून धावली. आपण ठरवून परतलो, असं तिला पुढेही कधी म्हणता येणार नव्हतं.

गोठ्यात एकच कल्ला झाला. जिचं तिने हुंगून ओळखलं, करडं गुडघ्यांवर बसून कासेला लागली. कोपऱ्यातल्या कप्प्यात धाकटी बसली होती. कोपर सोललेलं, केस सुटलेले, मांडीवर करडू. थोरलीने त्याच्या तोंडात बोट घातलं. गार. पण बोट ओढलं त्याने, अगदी हलकेच.

"सासूबाई खूप बोलल्या," धाकटी म्हणाली. "साबणाने धुतं का कुणी, म्हणे. मी म्हटलं, ताई दारातच होत्या. चुकत असतं तर त्यांनी टोकलं नसतं का?"

"मग?"

"मग काही नाही. उठून आत गेल्या."

थोरलीने तिच्या चेहऱ्यावर डंख शोधला. नीट शोधला, डोळ्यांत, ओठांच्या कडांना. एखादा सापडता तर किती बरं झालं असतं... नव्हता. साबण हातात घेताना हिने वर बघितलं होतं. माझ्याकडे. आणि मी काही बोलले नाही म्हणून लावला.

"मान धर तिची," ती म्हणाली. खाली बसून तिने चीक पिळला, करडाच्या पाठीला चोळला, शेळीच्या नाकाला फासला. शेळीने डोकं झटकलं, थांबली, पुन्हा हुंगू लागली.

"असं धरू का, ताई?"

"माझ्याकडे काय बघतेस? शेळीकडे बघ."

पण धाकटी तिच्याकडेच बघत राहिली, पुढे काय करायचं ते त्या चेहऱ्यावर वाचायला, आणि थोरलीला त्या बघण्याची भीती वाटू लागली.